नकाशामागचं यंत्र (भाग ७) : इशारे वाचत जा

गेल्या आठवड्यात आपण जीडॅल संगणकावर बसवलं आणि 'ओजीआर-टू-ओजीआर' या आज्ञेनं एक शेपफाइल दुसऱ्या स्वरूपात उतरवली. १९९८ मध्ये फ्रँक वॉर्मरडॅम यांनी सुरू केलेलं नकाशांच्या फाइली वाचणारं-लिहिणारं हे मुक्त सॉफ्टवेअर क्यूजीआयएस या नकाशे बनवण्याच्या प्रोग्रॅमच्याही पोटात चालतं. त्यामुळे आजच्या तक्रारी क्यूजीआयएसवाल्यांनाही ओळखीच्या वाटतील.

'एरर' येऊन काम थांबलं, तर खरं म्हणजे तुम्ही सुटलात. एसएचएक्स सापडत नाही ही ओरड नेहमीची. शेपफाइल ही एक फाइल नसतेच: एसएचपीत आकार, डीबीएफमध्ये तक्ता, एसएचएक्समध्ये अनुक्रमणिका, पीआरजेत प्रक्षेपण. पाठवणाऱ्यानं ईमेलला फक्त एसएचपी जोडलेली असते. अनुक्रमणिका जीडॅल नव्यानं बांधू शकतं आणि ती कशी बांधायची, हे त्याच संदेशात लिहिलेलं असतं. डीबीएफ राहिली असेल, तर मात्र गावांच्या सीमा दिसतील पण नावं नाहीत. ती परत मागवण्यावाचून इलाज नाही. प्रक्षेपणांचं गणित करणाऱ्या 'प्रोज' या लायब्ररीची 'प्रोज-डीबी' ही फाइल सापडत नाही किंवा तिची आवृत्ती जुनी आहे, अशी तक्रार आली, तर बहुधा एकाच संगणकावर पोस्टजीआयएस, क्यूजीआयएस आणि पायथन यांनी आपापली प्रोज आणून ठेवलेली असते आणि एक दुसऱ्याची उघडू पाहतो. 'प्रोज-लिब' (नव्या आवृत्त्यांत 'प्रोज-डेटा') हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल कुठल्या फोल्डरकडे वळवलाय, ते आधी बघा.

खरा घोळ काम बिनबोभाट पार पडतं तेव्हा होतो. शेपफाइलमध्ये रकान्याचं नाव दहा बाइटांपेक्षा मोठं चालत नाही. इंग्रजी 'पॉप्युलेशन' या शब्दात नेमकी दहा अक्षरं. आता जनगणनेच्या तक्त्यात या शब्दापुढे २००१ आणि २०११ लावलेले दोन रकाने असतील, तर वर्षं शेपटीला असल्यानं तीच कापली जातात. पहिला रकाना नुसता 'पॉप्युलेशन' होतो, दुसऱ्याच्या नावाची शेवटची अक्षरं जाऊन तिथं 'अंडरस्कोर एक' येतं. जीडॅल हे लपवत नाही. 'वॉर्निंग ६' म्हणून जुनं नाव आणि नवं नाव दोन्ही छापतं. पण फाइल तयार झाली की ती ओळ वाचतो कोण?

मराठी नावांचं दुखणं याहून वाईट. शेपफाइल लिहिताना जीडॅल मुळात पश्चिम युरोपीय लिपिसंच धरून चालतं. त्यात देवनागरी नाही, म्हणून 'शिरूर', 'पारनेर' यांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उभी राहते. काही अक्षरं बदलता आली नाहीत, असा इशारा तेव्हा येतो. त्यातच पुढे लिहिलेलं असतं, की हा इशारा पुन्हा दिला जाणार नाही! हजारो गावं बिघडली तरी सूचना एकदाच. उपाय म्हणजे फाइल बनवतानाच एन्कोडिंग यूटीएफ-८ असं बजावून सांगायचं. आणि एक फरक ओळखायला शिका: प्रश्नचिन्हं दिसली, तर मजकूर गेला, मूळ फाइलीकडे परत जा. पण डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन 'ए' आणि मागोमाग चित्रविचित्र चिन्हं दिसली, तर मजकूर बहुधा शाबूत आहे, फक्त चुकीच्या चष्म्यातून वाचला जातोय; एन्कोडिंग बदलून पुन्हा उघडा. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-वेलांटीसकट, तीन बाइट खातं. म्हणजे 'तालुका' अठरा बाइटांचा झाला, रकान्याच्या नावात तो मावतच नाही.

तिसरी गोम जागेची. २०१९ मध्ये आलेल्या जीडॅल ३ पासून ईपीएसजी ४३२६ या अक्षांश-रेखांशांच्या निर्देशांक-पद्धतीत अक्षांश आधी आणि रेखांश नंतर, हा अधिकृत क्रम पाळला जातो. ओजीआर-टू-ओजीआर हे आतल्या आत सांभाळून घेतं, पण पायथनमध्ये स्वतः लिहिलेल्या जुन्या स्क्रिप्टा इथं गोत्यात येतात. पुण्याचे १८.५२ आणि ७३.८६ हे आकडे उलटले, की पुणं नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर बेटाजवळच्या समुद्रात जाऊन पडतं. स्क्रिप्टमध्ये 'ट्रॅडिशनल जीआयएस ऑर्डर' हा पर्याय निवडला की प्रश्न मिटतो.

तसंच, ओजीआर-टू-ओजीआरच्या पर्यायांपैकी 'ए-एसआरएस' नुसती प्रक्षेपणाची चिठ्ठी चिकटवतं, 'टी-एसआरएस' खरोखर आकडे बदलतं. ही गल्लत झाली का, हे फाइलीची माहिती छापणाऱ्या 'ओजीआर-इन्फो' या आज्ञेच्या 'एक्स्टेंट' ओळीत कळतं. महाराष्ट्राचा नकाशा अंशांत असेल, तर रेखांश साधारण ७२ ते ८१ आणि अक्षांश १५ ते २२ यांच्या दरम्यान हवेत. तिथं लाखांतले आकडे दिसले, तर ते मीटर आहेत आणि चिठ्ठी चुकलीये.

माझं मत विचाराल, तर शेपफाइल आता फक्त मागणाऱ्याला देण्यापुरती ठेवावी. मूळ प्रत जिओपॅकेजमध्ये असू द्या: सगळा मामला एकाच फाइलीत, रकान्यांची नावं हवी तेवढी लांब आणि देवनागरी बिनतक्रार. पुढच्या आठवड्यात उपग्रहचित्रांकडे वळू. तोवर आपल्या जुन्या शेपफाइली एकदा ओजीआर-इन्फोनं उघडून बघा आणि रकान्यांची नावं मूळ तक्त्याशी ताडून घ्या.