वाटीपाशी येऊन मागे फिरणारं मांजर

मांजर वाटीपाशी येतं, वास घेतं, एक घास तोंडात धरतं आणि एकदम फिस्कारून मागे पळतं. थोड्या वेळानं पुन्हा येतं, पुन्हा पळतं. घरचे म्हणतात, नखरे करतंय, बाहेरून उंदीर खाऊन आलं असेल. खरं तर ते उपाशी असतं. घास दाताला लागला की कळ उठते, आणि ती कळ वाटीतूनच आली असं त्या मुक्या जिवाला वाटतं. म्हणून ते वाटीवर फिस्कारतं.

यवतमाळ जिल्ह्यातल्या महागाव तालुक्यातलं फुलसावंगी हे कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यातलं गाव. घरात धान्य म्हणजे उंदीर आणि उंदीर म्हणजे मांजर. ते कुणी विकत आणत नाही, येतं आणि राहतं. गाय आटली, बैल लंगडला तर ढोरांच्या दवाखान्यात जायचं हे सगळ्यांना ठाऊक असतं. मांजराचा दात दुखतो म्हणून मात्र कुणी उठत नाही. त्यातून त्या मांजराला शुगर आहे असं सांगितलं तर ऐकणारा हसेल. हसण्यासारखं त्यात काही नाही. दात आणि साखर ही दोन दुखणी एकमेकांच्या आधारानं वाढतात, आणि पुष्कळदा पहिल्यावर चुकीचा उपाय झाला म्हणून दुसरं आलेलं असतं.

मोठ्या मांजराला तीस दात असतात. त्यांच्यावर चिकट थर बसतो, त्याचं पिवळं-तपकिरी किटण होतं, हिरडी लाल होते आणि पुढे दाताला धरून ठेवणारं हाड झिजतं. हे माणसासारखंच. पण माणसाचे दात जसे किडतात तसे मांजराचे सहसा किडत नाहीत. त्यांचं वेगळंच होतं. दुधाचे दात पडताना त्यांची मुळं विरघळवणाऱ्या पेशी शरीरातच असतात. या पेशी मोठेपणी पुन्हा जाग्या होतात आणि पक्का दातच खायला लागतात. का, ते अजून नीट उलगडलेलं नाही. सुरुवात बहुधा हिरडीच्या कडेला होते. पडलेल्या खड्ड्यावर हिरडी चढते आणि वरून नुसता गुलाबी ठिपका दिसतो. खालच्या जबड्यात सुळ्यामागचा पहिला दात हे त्याचं आवडतं ठिकाण. तिथे हलकं बोट लागलं तरी मांजराचा जबडा थरथरतो. असा दात भरून उपयोग होत नाही, कारण खाणं आतून चालूच राहतं. तो काढावा लागतो, आणि कुठवर खाल्ला गेलाय हे एक्स-रेशिवाय कळत नाही.

किटण आणि खाल्ला जाणारा दात यांच्यानंतरचं तोंडाचं तिसरं दुखणं सगळ्यांत जाचक. तोंडाच्या पार मागच्या बाजूपर्यंत सगळं लाल, सुजलेलं, रक्ताळलेलं होतं. दातांवरच्या जंतूंच्या थराविरुद्धच शरीर पेटून उठतं. अशा मांजरांत कॅलिसी विषाणूही बऱ्याचदा सापडतो. लाळ गळते, दुर्गंधी येते, अंग चाटता येत नाही म्हणून केसांच्या जटा होतात. मांजरानं अंग चाटायचं सोडलं म्हणजे ते खरोखर आजारी आहे, हे आपल्या घरातल्या जुन्या बायका न सांगता ओळखत.

इथेच मोठी चूक होते. अशा मांजराला स्टेरॉइडची सुई दिली की दोन दिवसांत ते जेवायला लागतं. घरच्यांना चमत्कार वाटतो. दोन महिन्यांनी तोंड पुन्हा येतं, पुन्हा सुई. पण सूज दाबली जाते, दात तसेच राहतात. आणि मांजराच्या शरीरात स्टेरॉइड इन्सुलिनचं काम अडवतं. लांब पल्ल्याच्या सुया वारंवार दिल्या तर कित्येक मांजरांना त्यातूनच मधुमेह होतो. शेत-शिवारात उंदरांवर जगणाऱ्या, दिवसभर धावणाऱ्या मांजराला एरवी तो क्वचित होतो. तो जास्त दिसतो घरात बसून राहणाऱ्या, नसबंदी झालेल्या, सात-आठ वर्षांपुढच्या जाड बोक्यांत. सुया मात्र धावत्या मांजरालाही त्या वाटेवर नेऊन सोडतात. दर दोन महिन्यांनी सुई आणण्यापेक्षा एकदा दात काढणं हाच खरा उपाय आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. अशा तोंडाच्या आजारात सगळे किंवा निदान दाढांकडचे सगळे दात काढले की बहुतेक मांजरांना मोठा उतार पडतो. काहींना पुढेही औषध लागतं.

मधुमेहाची खूण घरात दिसते ती पाण्याच्या भांड्यात. मांजर मुळात कमी पाणी पिणारं जनावर. ते भांडं रिकामं करायला लागलं, मुतायच्या जागी मातीचे मोठाले गोळे व्हायला लागले, खाऊनही वाळायला लागलं, तर साखर तपासावी. पुढे मागच्या पायांच्या नसा दुबळ्या होतात आणि चवड्यांवर चालणारं मांजर टाचा टेकून चालतं. ते एकदा पाहिलं की विसरता येत नाही.

हिरड्यांमध्ये जंतू आणि सूज असेपर्यंत इन्सुलिन पुरेसं लागू पडत नाही, डोस वाढवत न्यावा लागतो. आणि साखर चढलेली असेपर्यंत जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात, जखम भरत नाही. आता गावात शुगरचा पेशंट नाही असं घर विरळा, त्यामुळे सल्लाही तयार असतो: शुगर आहे ना, मग दात काढू नका, जखम चिघळेल. काळजी खरी आहे, निष्कर्ष चुकीचा आहे. मांजर उलट्या करत असेल, गळून गेलं असेल, लघवीत कीटोन असतील तर आधी ते सावरायचं, यात शंका नाही. पण साखर अगदी नेमकी झाल्यावरच दात काढू म्हणून थांबलं तर ती वेळ येतच नाही, कारण साखर वर धरून ठेवणारं तेच तोंड असतं.

फुलसावंगीहून न्यायचं कुठे? नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय 1958 पासूनचं, पण दोनशे किलोमीटरहून लांब. अकोल्याला स्नातकोत्तर पशुवैद्यकीय संस्था आहे, परभणीला महाविद्यालय आहे. निघण्याआधी फोन करून विचारावं की दातांचा एक्स-रे आणि मांजराला वायूची भूल देण्याची सोय आहे का. तालुक्याच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणि आजवर कोणती सुई कधी दिली त्याची यादी बरोबर हवी. मे महिन्यात निघालात तर इन्सुलिनची बाटली गाडीत तापू देऊ नका. ओल्या फडक्यात, मातीच्या भांड्यात ठेवलेली चालते, बर्फाला थेट टेकवलेली नाही. आणि सिरिंज तपासा. आपल्याकडे 40 युनिटची आणि 100 युनिटची अशी दोन्ही इन्सुलिनं मिळतात, सिरिंजही वेगवेगळ्या. शंभराचं इन्सुलिन चाळिसाच्या सिरिंजमध्ये भरलं तर अडीचपट डोस जातो. ज्या जिवाला एखाद-दुसरं युनिट पुरतं, त्याला एवढी चूक मारू शकते.

प्रवासाच्या आणि कुत्र्यांच्या वासाच्या भीतीनंही मांजराची साखर चढते, धडधाकट मांजराची तीनशेपर्यंत जाऊ शकते. म्हणून दवाखान्यातल्या एका आकड्यावर डोस वाढवायचा नाही. फ्रुक्टोसामाइन नावाची तपासणी मागच्या दोनेक आठवड्यांची सरासरी सांगते, भीतीनं ती बदलत नाही.

शस्त्रक्रिया सकाळी पहिलीच ठेवतात, उपास लांबू नये म्हणून. त्या सकाळी इन्सुलिन साधारण निम्मं देतात, नेमकं किती ते डॉक्टर ठरवतात. शिरेत सलाइन, श्वासनळीत नळी, तिच्याभोवती फुगा, म्हणजे तोंडातलं पाणी नि रक्त फुप्फुसात उतरत नाही. भुलेत असताना साखर फार खाली गेली तरी मांजर चक्कर येऊन दाखवू शकत नाही, म्हणून दर अर्ध्या-एक तासानं थेंबभर रक्त तपासतात आणि लागलं तर शिरेतून ग्लुकोज देतात. जबडा उघडा ठेवायला स्प्रिंगचं साधन वापरू नये, हे आता पक्कं झालंय. मांजराचा जबडा ताणून ठेवला की मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीवर दाब येतो, आणि दात काढायला गेलेलं मांजर आंधळं होऊन परतल्याच्या नोंदी आहेत. हे डॉक्टरांना आधी विचारण्यात काही गैर नाही.

मांजराचा दात ओढून निघत नाही. सुळ्याचं मूळ बाहेर दिसणाऱ्या सुळ्यापेक्षा लांब असतं. वरच्या मोठ्या दाढेला तीन मुळं असतात. हिरडीचा पदर उचलायचा, वरचं हाड बारीक घासायचं, दाढेचे तीन तुकडे करायचे आणि एकेक मूळ अखंड काढायचं. नस बधिर करण्याची सुई आधीच दिलेली असते. शेवटी पदर विरघळणाऱ्या टाक्यांनी शिवतात आणि पुन्हा एक्स-रे काढतात. मुळाचा तुकडा आत राहिला तर सगळी खटपट वाया जाऊ शकते.

घरी आल्यावर त्याच संध्याकाळी त्यानं काहीतरी खायला हवं. शिजवलेली मासळी, कोंबडी, अंडं, बारीक कुस्करून. दूधपोळी नको. मांजर हे मांसावर जगणारं जनावर, पिठाची साखर पचवायला त्याचं शरीर फारसं घडलेलंच नाही. न खाता पूर्ण इन्सुलिन देऊ नका, डॉक्टरांना विचारा. दिवसभर काहीच खाल्लं नाही तर उद्याची वाट पाहू नका, उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साठते आणि ते जिवावर बेततं. कळ मारायला घरातली पॅरासिटामॉल तर कधीच नाही. एका गोळीनंही मांजर मरतं.

पुढचे काही आठवडे डोळ्यांत तेल घालून पाहायचे. तोंडातली सूज ओसरते तशी इन्सुलिनची गरज उतरते, कालचा डोस आज जास्त ठरू शकतो. मांजर झिंगल्यासारखं चालू लागलं, थरथरलं, तर हिरडीला थोडा मध किंवा साखरेचं पाणी चोळून लगेच फोन करायचा. कानाच्या कडेला टोचून घरच्या ग्लुकोमीटरवर साखर पाहता येते. माणसाचं यंत्र मांजराची साखर खऱ्यापेक्षा थोडी कमी दाखवतं, एवढं लक्षात ठेवायचं. स्टेरॉइड थांबल्यावर, दात निघाल्यावर काही मांजरांचं इन्सुलिन पूर्ण सुटतं.

दात नसलेलं मांजर खाणार कसं, हा प्रश्न सगळे विचारतात. मांजर फारसं चावत नाहीच, कातरतं आणि गिळतं. जखमा भरल्या की कितीतरी बोडक्या तोंडाची मांजरं कोरडं खाणंही खातात. वाटीपाशी येतात, वास घेतात आणि तिथेच बसून राहतात.