पावती कुणाच्या नावाची?

आमच्या बाबांचं भोसरी एमआयडीसीत छोटंसं वर्कशॉप आहे. दोन सीएनसी, एक जुनं मिलिंग मशीन, आणि चाकणच्या कंपन्यांना माल देणाऱ्यांचं जॉबवर्क. गणपतीच्या आधी मंडळाची पोरं वर्गणीला येतात. बाबा आकड्यावरून घासाघीस करतात, पण पैसे दिले की पावती घेतल्याशिवाय पोरांना सोडत नाहीत. पुढे मंडपात देणगीदारांचा फ्लेक्स लागतो आणि कुणी किती दिले ते अख्ख्या गल्लीला कळतं.

मित्रांनो, आता अशी पावती डोळ्यासमोर आणा, जिच्यावर देणाऱ्याचं नावच नाही. २०१८ ते २०२४ आपल्या देशात अशी पावती खरंच होती. तिचं नाव इलेक्टोरल बाँड, म्हणजे निवडणूक रोखे. (मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे ‘रोखे’ म्हणजे मला रोख पैसे वाटले होते. बाबा खूप हसले.)

योजना अशी होती. कंपनीने किंवा माणसाने स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेत जायचं, केवायसी द्यायचं आणि एक हजारापासून एक कोटीपर्यंतचे बाँड घ्यायचे. बाँडवर नाव नाही. तो पक्षाला द्यायचा आणि पक्षाने १५ दिवसांत वटवायचा. कुणी दिला हे पक्षाने निवडणूक आयोगाला सांगायची गरज नाही. त्याआधी २०१७ च्या फायनान्स ॲक्टने आणखी दोन गोष्टी केल्या होत्या. कंपनीने तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या ७.५ टक्क्यांपर्यंतच देणगी द्यावी ही मर्यादा काढली, म्हणजे तोट्यातली कंपनीसुद्धा देऊ शकणार! आणि कुठल्या पक्षाला दिले हे हिशोबात दाखवायची अटही काढली. म्हणजे मतदाराला कळणार नाही, आणि ज्या बाईंनी कंपनीचे दहा शेअर घेऊन ठेवलेत त्यांनाही कळणार नाही.

शेअरहोल्डरचा हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. १९५७ मध्ये टाटा आयर्न अँड स्टीलला राजकीय पक्षांना देणगी देता यावी म्हणून आपल्या घटनेत बदल करायचा होता. एक शेअरहोल्डर मुंबई हायकोर्टात गेला. मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला यांनी कायद्यात बंदी नाही म्हणून कंपनीच्या बाजूने निकाल दिला, पण त्याच निकालात लोकशाहीला यातून धोका आहे, संसदेने विचार करावा, असंही बजावलं. पुढे १९६० मध्ये मर्यादा आली, १९६९ मध्ये सरळ बंदी आली, आणि १९८५ मध्ये ती उठली.

अशा वादात कुणीतरी अमेरिकेचं उदाहरण देतंच. तिथे कंपनीने उमेदवाराला थेट पैसे देण्यावर १९०७ पासून बंदी आहे. पण २०१० मध्ये ‘सिटिझन्स युनायटेड’ खटल्यात तिथल्या सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं, की कंपनीने स्वतंत्रपणे प्रचारावर कितीही खर्च करावा. त्यातून सुपर पॅक आले. आकडे डोळे फिरवणारे, पण सुपर पॅकला कुणी दिले ते जाहीर करावं लागतं. लपवायचं असेल तर संस्थांच्या आडून द्यावे लागतात. आपल्याकडे लपवायची सोय सरकारी बँकेच्या खिडकीवर होती.

१५ फेब्रुवारी २०२४ ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी एकमताने ही योजना रद्द केली. पक्षाला पैसे कोण देतं हे कळणं हा मतदाराचा हक्क आहे, असं कोर्ट म्हणालं. अध्यक्षस्थानी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड होते. त्यांचं घराणं मूळचं कनेरसरचं, म्हणजे चाकण ज्या खेड तालुक्यात आहे तिथलंच!

यापुढचा भाग डेटाबेसचं प्रॅक्टिकल केलेल्यांसाठी. बँकेने माहिती द्यायला ३० जूनपर्यंत वेळ मागितली, कोर्टाने एक दिवस दिला. १४ मार्चला आयोगाने दोन याद्या टाकल्या. एकात बाँड घेणारे, दुसऱ्यात वटवणारे पक्ष. दोन टेबलं, पण कॉमन कॉलमच नाही! जॉईन करणार कसं? खरं तर प्रत्येक बाँडवर एक नंबर होता, पण तो अल्ट्राव्हायोलेट प्रकाशातच दिसायचा. पत्रकार पूनम अग्रवाल यांनी २०१८ मध्येच हजार-हजाराचे बाँड घेऊन तो शोधला होता. कोर्टाने पुन्हा फटकारल्यावर २१ मार्चला नंबरही आले. मग कुणाचा बाँड कुणी वटवला हे लॅपटॉप असलेल्या कुणालाही जुळवता आलं.

याद्या एप्रिल २०१९ पासूनच्या होत्या, रक्कम बारा हजार कोटींच्या वर. जवळजवळ निम्मे भाजपला, त्याखालोखाल तृणमूल आणि काँग्रेस. सगळ्यात जास्त बाँड घेणारी कंपनी लॉटरीवाली, फ्यूचर गेमिंग, १,३६८ कोटी. आपल्या आकुर्डीच्या बजाज ऑटोचंही नाव यादीत आहे. यात बेकायदा काही नव्हतं, योजनाच सरकारी होती.

आता ७.५ टक्क्यांची मर्यादा परत आली आहे, हिशोबात पक्षाचं नावही दाखवावं लागतं. इलेक्टोरल ट्रस्टचा रस्ता मात्र चालू आहे. अनेक कंपन्या एका ट्रस्टला देतात, ट्रस्ट अनेक पक्षांना वाटतो. दोन्ही याद्या जाहीर होतात, पण कुठल्या कंपनीचे पैसे कुठल्या पक्षाकडे गेले ते त्यातून दर वेळी कळेलच असं नाही.

बाबांना मी ती यादी दाखवली. त्यांनी चष्मा लावून बरंच खालीपर्यंत वाचलं आणि म्हणाले, “आपल्या मंडळाच्या खजिनदाराने असा हिशोब दिला असता, तर पुढच्या वर्षी वर्गणी कुणी दिली असती का गं?”