बंद पडलेल्या सर्व्हरचे घड्याळ

सर्व्हर अचानक ठप्प झाला, की अभियंते त्या क्षणीच्या मेमरीची प्रत 'क्रॅश' या साधनाने तपासतात. लिनक्सचा गाभा असलेला कर्नल असंख्य कामे टायमर लावून करतो आणि काळ 'जिफी'त मोजतो. सेकंदाला १००० जिफी असतील, तर एक जिफी म्हणजे एक मिलिसेकंद. घड्याळ ४२९४९७२३०० वर थांबले आहे आणि एका टायमरची मुदत ४२९४९६७३०० आहे. हे दोन आकडे शेजारी पाहून काय उमगणार? नव्या आवृत्त्यांत मुदतीशेजारी उरलेल्या वेळेचा रकाना असतो. तेथे 'उणे ५०००' दिसताच कळते, की ५ सेकंदांपूर्वी व्हायला हवे होते ते काम खोळंबलेलेच आहे. वजाबाकी साधीच, पण बिघाडाच्या शोधाला दिशा तीच देते.