सही वाकडी की खोटी?

यंदा मंडळाच्या शिष्यवृत्तीसाठी आलेला एका विद्यार्थिनीचा अर्ज, बोनाफाइड दाखला पोहोचला नाही म्हणून, आम्ही बाजूला ठेवला होता. कॉलेजने दाखला दोनदा ई-मेल केला, असे तिचे म्हणणे. आमच्याकडे काहीच नव्हते, स्पॅमच्या कप्प्यातसुद्धा नाही. शेवटी सर्व्हरच्या नोंदी उघडल्या, तेव्हा कळले की दोन्ही मेल आमच्याच सर्व्हरने दारातून परत पाठवले होते. मुलगी खरे बोलत होती.

झाले असे, की गेल्या दिवाळीत लॉटरी, कर्ज आणि खोट्या बिलांच्या मेलचा इतका मारा झाला की आम्ही वैतागून चाळणी अगदी बारीक करून टाकली. कॉलेजच्या सर्व्हरचा आयपी पत्ता आकड्यांवरून शोधला तर नाव सापडत नव्हते; ही उलट नोंद करायची राहून गेलेली. शिवाय आमच्या सर्व्हरशी बोलताना तो स्वतःचे नाव 'लोकलहोस्ट' सांगत होता. दारात 'कोण?' विचारल्यावर नुसते 'मी' म्हणावे, तसे! स्पॅम पाठवणारी यंत्रे पुष्कळदा अशीच वागतात, म्हणून नियमाने त्यालाही हाकलले. नकाराची सूचना ५५० या आकड्यासह परत गेली होती, पण ती ज्या पत्त्यावर गेली तो कॉलेजात कोणी उघडतच नव्हते.

बँकेत आमच्या काउंटरवर पेन्शनर यायचे. हात थरथरतो, सही नमुन्याशी जुळत नाही. तेवढ्यावरून चेक परत करत नसू. समोर बसवून पुन्हा सही करायला सांगत असू. खोटी सही मात्र वेगळी. मेलच्या बाबतीत आमची चूक हीच झाली, की निष्काळजीपणा आणि खोटेपणा यांना आम्ही एकच शिक्षा ठेवली.

खोटेपणा ओळखण्याची साधने आहेत. एसपीएफ म्हणजे अधिकृत सह्यांची यादी: आमच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात, हे संस्था जाहीर करते. डीकेआयएम हे मेलवरचे सील. मेल दुसऱ्या पत्त्यावरून पुढे पाठवला की एसपीएफ बहुधा जुळत नाही, पण मजकुराला हात लागला नसेल तर सील सहसा टिकते. या दोन्हींपैकी एकही नीट जुळले नाही तर काय करावे, हे संस्था डीमार्कमध्ये सांगते. तिनेच 'नाकारा' म्हटले असेल, तर आम्हीही बेधडक नाकारतो.

फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू याबाबत कडक झाले. जीमेलवर दिवसाला सुमारे ५,००० मेल पाठवणाऱ्यांना ही तिन्ही साधने लागतात, आणि उलट नोंद तर लहानसहान पाठवणाऱ्यालाही. त्यांना ते शोभते. जीमेलने दार लावले की लोक धावत जाऊन सर्व्हर दुरुस्त करतात. मंडळाने लावले तर कोणाला पत्ताही लागत नाही, आणि नुकसान एखाद्या मुलीचे होते.

म्हणून आता उलट नोंद नाही, नाव धड नाही, अशा दोषांना आम्ही फक्त गुण देतो. एकूण ५ गुण झाले तरच मेल स्पॅमच्या कप्प्यात जातो, आणि तो कप्पा चिटणीस दर सोमवारी पाहतात. अनोळखी सर्व्हरला आधी ४५१ हा तात्पुरता नकार मिळतो, म्हणजे 'जरा वेळाने या'. नीट चालणारा सर्व्हर पुन्हा येतो. स्पॅमचे यंत्र बहुधा येत नाही. यात पहिला मेल उशिरा पोहोचतो, कधी अर्धा तासही. ओटीपीची वाट पाहणाऱ्या खजिनदारांनी आम्हाला दोनदा फैलावर घेतले, तेव्हा बँकेचे पत्ते यातून वगळले.

थोडा कचरा वाढला आहे, ते खरे. विद्यार्थिनीचा अर्ज पुन्हा विचारात घेऊन शिष्यवृत्ती दिली. कॉलेजच्या संगणक विभागाला आमच्या नोंदींची प्रत पाठवली आहे. दुरुस्ती अजून झालेली नाही. कोणाचा मेल मंडळाकडून परत आला असल्यास त्या सूचनेचा फोटो काढून चिटणिसांना दाखवावा. त्यातला आकडा आणि तारीख मिळाली की नोंद शोधता येते.