अंगणातले टाके कशाचे बांधावे?

बल्लारपुरात घर बांधताना "टाके विटांचेच करू, स्वस्त पडेल," असे मिस्त्रीने सुचवले, तर भगिनींनो, जरा थांबावे. वर्धेकाठची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. ही ओढाताण विटांच्या भिंतीला सोसत नाही. भेग पडली की टाक्यातले पाणी बाहेर जाते; शिवाय मोरीचे सांडपाणी आत झिरपते. घरात जुलाब सुरू होईपर्यंत ते ध्यानातही येत नाही.

सळई घातलेले काँक्रीट महाग खरे, पण टिकते. त्यासाठी राखमिश्रित सिमेंट उत्तम. चंद्रपूरच्या वीज केंद्रात कोळसा जळून उरते तशी बारीक राख सिमेंटातून सुटणाऱ्या चुन्याशी मिळून काँक्रीटमधली सूक्ष्म छिद्रे बुजवते. मात्र हे सिमेंट सावकाश पक्के होते. आपल्याकडच्या उन्हात १४ दिवस तराई हवीच. आठवड्यात आटोपणारे मिस्त्री पुष्कळ!

गच्चीवरची प्लास्टिकची टाकी खड्ड्यात पुरू नये. ती रिकामी झाली की भोवतालची माती तिला चेपते. जमिनीखाली घालायची मजबूत टाकी वेगळी मिळते.

भोवती माती लोटण्यापूर्वी टाके काठोकाठ भरून आठवडाभर पातळी पाहावी. संडासाच्या टाकीपासून ते दूर आणि शक्यतो चढावर असावे.