वेगळे झाल्यावर नियम कोणाचे?

छत्तीसगडमध्ये भिलाई-३ ला लागून चरोद्याचे मोठे मार्शलिंग यार्ड आहे. तिथून नागपूरकडे निघालेली मालगाडी दुर्ग, राजनांदगाव, डोंगरगड मागे टाकून सालेकसाच्या बाजूला महाराष्ट्रात शिरते आणि गोंदियाला पोहोचते. राज्य बदलते, पण सीमाशुल्क भरावे लागत नाही. ही मोकळीक इतकी अंगवळणी पडली आहे की ‘वेगळे झालो की व्यापाराचे नियम आपल्या हाती येतात’ हे वाक्य आपण सहज बोलून जातो. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडले तेव्हा ते ऐकले, स्वतंत्र विदर्भाच्या सभांतही ऐकतो. या वाक्यात निरनिराळे गैरसमज एकत्र बांधलेले आहेत, आणि ते सोडवून पाहायला भिलाईसारखे गाव नाही.

या गावाच्या राजधान्याच पाहा. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार झाला, तेव्हा दुर्ग जिल्ह्याची राजधानी नागपूर होती. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांनी पहिल्या ब्लास्ट फर्नेसचे उद्घाटन केले, तोवर राज्य पुनर्रचना होऊन कारभार भोपाळला गेला होता. १ नोव्हेंबर २००० पासून राजधानी रायपूर. जागचा न हललेला कारखाना तीन राजधान्यांखाली आला. त्याच्या पोलादाच्या व्यापाराचे मोठे निर्णय मात्र या सगळ्या काळात दिल्लीतच झाले.

गैरसमज : छत्तीसगड वेगळे झाले, म्हणजे त्याला व्यापारात स्वातंत्र्य मिळाले.

मध्य प्रदेश पुनर्रचना कायदा, २००० संसदेने केला. संविधानाच्या अनुच्छेद ३ प्रमाणे नवे राज्य घडवण्याचा अधिकार संसदेचा आहे. राज्याच्या विधिमंडळाचे मत विचारावे लागते, त्याची संमती लागत नाही. युरोपीय संघाचे याच्या उलट आहे. तिथे लिस्बन कराराच्या कलम ५० ने सदस्य देशाला स्वतःच्या इच्छेने बाहेर पडण्याची वाट ठेवली आहे. छत्तीसगड मध्य प्रदेशातून बाहेर पडले, भारतातून नव्हे. त्यामुळे परदेशी व्यापार, आयात-निर्यात आणि आंतरराज्य व्यापार हे विषय पूर्वीसारखेच संघसूचीत राहिले. मध्य प्रदेशाचे कायदेही नव्या विधानसभेने बदलेपर्यंत जसेच्या तसे चालू राहिले.

भिलाईला बसलेला सर्वांत मोठा फटका तर भोपाळने दिलेलाच नव्हता. १९५० च्या दशकापासून १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत केंद्राचे मालवाहतूक भाडे समानीकरणाचे धोरण होते. पोलाद देशभर एकाच भावाने मिळे. दल्ली-राजहऱ्याचे लोहखनिज जवळ, कारखाना जवळ, तरी त्याच्या शेजारी उद्योग काढणाऱ्याला मुंबईच्या उद्योजकापेक्षा पोलाद स्वस्त पडत नसे. खनिज असलेल्या प्रदेशांवर हा उघड अन्याय होता, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या काळात छत्तीसगड वेगळे राज्य असते, तरी हा अन्याय टळला नसता.

गैरसमज : म्हणजे वेगळे होऊन काहीच मिळाले नाही.

हेही चूक, आणि इथेच खरी गंमत आहे. राज्यसभेत मध्य प्रदेशाच्या जागांचीच वाटणी झाली. सोळापैकी पाच छत्तीसगडला गेल्या, एकही वाढली नाही. पण १ जुलै २०१७ पासून वस्तू आणि सेवा कर आला, आणि त्याची जी परिषद आहे तिच्यात केंद्राच्या मताचे वजन एक तृतीयांश, सगळ्या राज्यांचे मिळून दोन तृतीयांश, आणि प्रत्येक राज्याचे मत सारख्याच वजनाचे. निर्णयाला तीन चतुर्थांश बहुमत लागते. तिथे छत्तीसगडचे मत उत्तर प्रदेशाइतकेच मोलाचे. राज्य एकत्र राहिले असते तर भोपाळ आणि रायपूर मिळून एकच मत असते. आज दोन आहेत.

त्या मताची गरजही आहे. पूर्वी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात विकलेल्या मालावरचा केंद्रीय विक्रीकर माल निघालेल्या राज्याला मिळे. अखेरच्या काळात त्याचा सर्वसाधारण दर २ टक्क्यांवर आला होता. वस्तू आणि सेवा कराचा राज्याचा वाटा मात्र माल जिथे वापरला जातो तिथे जातो. भिलाईचे पोलाद नागपूरच्या कारखान्याने घेतले, तर तो वाटा महाराष्ट्राचा. पोलाद, सिमेंट, कोळसा बाहेर पाठवणाऱ्या राज्याला हे जड जाणारच. राज्यांच्या महसुलात दरवर्षी १४ टक्के वाढ धरून केंद्राने त्यांना दिलेली भरपाई पाच वर्षांनी, ३० जून २०२२ रोजी संपली. ती पुढे चालू ठेवा, असे छत्तीसगडसह अनेक राज्ये म्हणत होती. मागणी मान्य झाली नाही, पण ती मांडायला रायपूरचा मंत्री बैठकीत होता.

गैरसमज : ब्रिटनसारखा सार्वभौम देश बाहेर पडला, की युरोपचे नियम त्याला लागू नाहीत.

२३ जून २०१६ च्या सार्वमतात ५१.९ टक्के मते बाहेर पडण्याच्या बाजूने पडली. ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन बाहेर पडले आणि १ जानेवारी २०२१ पासून युरोपशी नवा व्यापार करार लागू झाला. स्वतःचे आयातशुल्क ठरवण्याचा, स्वतः करार करण्याचा अधिकार ब्रिटनला खरोखरच मिळाला. २४ जुलै २०२५ रोजी भारताशी झालेला व्यापार करार हे त्याचे फळ आहे. संघात असता तर ब्रिटनला तो एकट्याने करता आला नसता.

पण नियम करण्याचा अधिकार वेगळा आणि दुसऱ्याच्या बाजारात माल विकण्याची अट वेगळी. युरोपच्या सीई चिन्हाऐवजी ब्रिटनने स्वतःचे यूकेसीए चिन्ह आणले. २०२३ मध्ये मात्र बहुतेक वस्तूंसाठी सीई चिन्हही बेमुदत चालेल, असे त्याच सरकारने जाहीर केले. दोन शिक्क्यांचा खर्च उद्योगांना नको होता.

पोलादाची गोष्ट जास्त बोलकी आहे. युरोपने २०१८ मध्ये पोलाद आयातीवर कोटा घातला आणि कोट्याबाहेरच्या मालावर २५ टक्के शुल्क लावले. बाहेर पडल्यावर ब्रिटनने हीच व्यवस्था स्वतःकडे चालू ठेवली. पुढे ७ ऑक्टोबर २०२५ रोजी युरोपीय आयोगाने प्रस्ताव मांडला : कोटा सुमारे ४७ टक्क्यांनी कमी, शुल्क थेट ५० टक्के. ब्रिटिश पोलादाची सर्वांत मोठी परदेशी बाजारपेठ युरोपच. पूर्वी असा प्रस्ताव आला की ब्रिटनचा मंत्री टेबलाशी असे. आता तो बाहेरून विनवणी करतो. छत्तीसगडने वेगळे होऊन जी खुर्ची मिळवली, तशीच खुर्ची ब्रिटनने वेगळे होऊन सोडली.

युरोपचा कार्बन शुल्काचा नियमही असाच. १ जानेवारी २०२६ पासून तो पूर्णपणे लागू झाला. पोलाद भारताचे असो वा ब्रिटनचे, ते बनवताना किती कार्बन हवेत गेला याचा हिशेब लागतो. भारत त्या संघात कधीच नव्हता, तरी आपल्या निर्यातदारांना तो द्यावा लागतो.

गैरसमज : राज्य आपले झाले, की खनिजेही आपली.

विदर्भाच्या चर्चेत हा मुद्दा हमखास येतो. लोहखनिज, कोळसा यांच्या स्वामित्वधनाचा दर १९५७ च्या खाण कायद्याप्रमाणे केंद्र ठरवते. राज्य फक्त वसूल करते. मग २५ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने आठ विरुद्ध एक मताने निकाल दिला की स्वामित्वधन हा कर नव्हे, आणि खनिज हक्कांवर कर लावण्याचा अधिकार राज्यांना आहे. पुढच्याच महिन्यात न्यायालयाने १ एप्रिल २००५ पासूनची थकबाकी वसूल करायलाही परवानगी दिली. ती १ एप्रिल २०२६ पासून बारा वर्षांत हप्त्याने भरायची आहे. भिलाईचा कारखाना ज्या ‘सेल’ कंपनीचा, तीच या खटल्यात प्रतिवादी होती. हा अधिकार राज्यसूचीतल्या नोंदीतून आलेला आहे. तो २००० साली जन्मलेल्या छत्तीसगडला जितका, तितकाच मध्य प्रदेशाला आणि आजच्या अखंड महाराष्ट्रालाही आहे.