शोहेई ओओका : युद्धबंदी आणि कादंबरीकार

युद्धात शत्रूच्या हाती जिवंत सापडण्याची आपत्ती कोणत्याही देशाच्या सैनिकावर ओढवू शकते. परंतु दुसऱ्या महायुद्धातील जपानी सैनिकाच्या दृष्टीने ती नुसती आपत्ती नव्हती, तो कलंक होता. १९४१ साली जपानी सैन्याला दिलेल्या आचारसंहितेने बंदिवासाची मानहानी पत्करण्यापेक्षा मरण श्रेयस्कर ठरविले होते. शोहेई ओओका (१९०९–१९८८) ह्यांच्या वाङ्‌मयाचा उगम ह्या कलंकाच्या जाणिवेत आहे.

क्योतो विद्यापीठात फ्रेंच साहित्याचे अध्ययन केलेले ओओका युद्धापूर्वी स्तांदालचे अभ्यासक व अनुवादक म्हणून परिचित होते. १९४४ साली, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, त्यांना सक्तीने सैन्यात भरती करून फिलिपीन्समधील मिंदोरो बेटावर धाडण्यात आले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमेरिकन सैन्य तेथे उतरले आणि ओओकांच्या तुकडीला डोंगराचा आश्रय घ्यावा लागला. हिवतापाने जर्जर झालेले ओओका मागे पडले. हातबॉम्बने जीव देण्याचा त्यांचा प्रयत्न बॉम्ब न फुटल्यामुळे फसला. जानेवारी १९४५ मध्ये ते पकडले गेले व वर्षअखेरीपर्यंत लेते बेटावरील छावणीत राहिले.

पकडले जाण्यापूर्वीचा एक प्रसंग त्यांच्या लेखनाच्या केंद्रस्थानी आहे. रानात एक तरुण अमेरिकन सैनिक त्यांच्या बंदुकीच्या टप्प्यात आला; तथापि त्यांनी गोळी झाडली नाही. ‘फुऱ्योकी’ (युद्धबंदीची नोंद) ह्या कृतीत ओओका ह्या कृत्याचे श्रेय घेत नाहीत. ती मानवता होती काय? त्या कोवळ्या चेहऱ्याने जागे केलेले पितृहृदय होते काय? की स्वतःचे मरण निश्चित दिसत असता मारण्यात अर्थ उरला नव्हता? प्रत्येक उत्तर ते तपासतात आणि अपुरे ठरवितात. हात नकळत बंदुकीच्या खटक्याकडे गेला होता, हेही ते लपवीत नाहीत. स्तांदालच्या अभ्यासकाची विश्लेषक दृष्टी येथे स्वतःच्याच अंतःकरणावर रोखलेली आहे. ह्या लेखनाला १९४९ साली योकोमित्सु पारितोषिक लाभले.

पुढे ‘नोबी’ (माळावरील वणवे) ह्या कादंबरीत त्यांनी लेते बेटावर तुकडीने हाकलून दिलेला रोगग्रस्त सैनिक उभा केला. भुकेच्या टोकाला पोहोचलेल्या माणसाने नरमांस नाकारावे ते कशाच्या बळावर, हा तेथील प्रश्न होय. व्यक्तीपुरता हा शोध पुरेसा न वाटल्याने १९६७ पासून त्यांनी लेतेच्या लढाईचा विस्तृत इतिहासही लिहिला. ज्यांच्या भूमीवर ती लढाई झाली त्या फिलिपिनो जनतेच्या यातनांचेही त्यांना त्यात विस्मरण झाले नाही.

१९७१ साली जपानच्या कला अकादमीने त्यांना सदस्यत्व देऊ केले. आपण युद्धबंदी होतो, हे कारण पुढे करून त्यांनी ते नाकारले. सुटकेला पंचवीस वर्षे उलटली होती, तरी तो कलंक त्यांनी पुसून टाकला नाही. उलट, ज्या राज्यसत्तेने तो लादला तिच्याकडून सन्मान न स्वीकारण्यासाठी त्यांनी त्याचाच आधार घेतला. बंदिवासाने ह्या लेखकाला विषय दिला, आणि त्याबरोबरच स्वतःविषयीही सोयीचे उत्तर न स्वीकारण्याची शिस्त दिली.